झेरॉक्सची मॅच

लग्नाला जेमतेम वर्ष झालं असेल, तेव्हा माझा नवरा एक आठवडा डावखुरा झाला. सूप डाव्या हाताने, दात डाव्या हाताने, दाराची किल्लीही डाव्या हाताने. कुलूप उघडायला इतका वेळ लागायचा की खालचा टायरवाला जिन्यातून ओरडून विचारायचा, "घरचेच ना हो?" निम्मं सूप पोटात जायचं, निम्मं टेबलावर. मी विचारलं, "हे असं किती दिवस चालणार?" तर अगदी साळसूद चेहऱ्याने म्हणाला, "गुरुवारपर्यंत. गुरुवारी मॅच आहे."

मॅच त्याची नव्हती, त्याच्या धाकट्या भावाची होती. माझे दीर टेनिस खेळतात. खेळतात म्हणजे आपण रविवारी खेळतो तसे नव्हे. न्हाव्याच्या दुकानात आरशाशेजारी त्यांचा फोटो असतो, आणि त्यांचं मनगट दुखलं तर ती बातमी होते. त्यांची पुढची मॅच ज्याच्याशी असेल तो माणूस माझा नवरा आधी आठवडाभर व्हायचा. त्याच्यासारखी सर्व्हिस, त्याच्यासारखी चाल, त्याच्यासारखं चिडणं. भाऊजी याच्याशी सराव करायचे आणि खऱ्या मॅचला उतरताना समोरचा माणूस त्यांना ओळखीचा वाटायचा. हेच माझ्या नवऱ्याचं काम, याचाच त्याला पगार. क्लबात सगळे त्याला झेरॉक्स म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तो 'ओ' देतो.

मला त्या नावाचा राग येतो. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. ज्यांना नीट दिसत नाही ते माझ्याकडे येतात, पण या एका माणसाच्या बाबतीत मलाच काही दिसेना. डावखुरा कसा खेळतो ते याला ठाऊक, लंबू कसा खेळतो ते ठाऊक. हा स्वतः कसा खेळतो? मी विचारलं की हसण्यावारी न्यायचा. मग एका वर्षी अशी वेळ आली की उत्तर दिल्याशिवाय सुटका नव्हती. त्या दिवसांत माझा जीव सतत टांगणीला होता, आणि अजून आठवलं की मला एका जागी बसवत नाही.

माझे सासरे क्लबाची कोर्टं राखायचे. लाल मातीवर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, पांढऱ्या पट्ट्या झाडायच्या. सासूबाई तिथेच टॉवेल धुण्याच्या खोलीत. त्या खोलीच्या खिडकीसमोर क्लबाची मागची भिंत, आणि त्या भिंतीवर दोघे भाऊ चेंडू मारायचे. दोघांत रॅकेट एकच, कोणीतरी टाकून दिलेली, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली. थोरला आधी खेळायचा. धाकटा उलट्या बादलीवर बसून बघायचा आणि "आता माझी पाळी" म्हणून जीव खायचा. दोघांत सहा वर्षांचं अंतर. थोरल्याचं मन भरेपर्यंत बहुतेक वेळा अंधार पडायचा, त्यामुळे धाकट्याच्या वाट्याला खेळण्यापेक्षा बघणंच जास्त आलं.

थोरला एकोणीस वर्षांचा झाला तेव्हा शहरात त्याला हरवणारं कोणी उरलं नव्हतं. त्या वर्षी मुलं निवडायला एक कोच आले. दोघांचा खेळ त्यांनी सकाळभर पाहिला आणि सासऱ्यांना म्हणाले, "थोरला चांगला आहे, पण आता उशीर झाला. धाकटा द्या." दुकानात माल निवडावा तसं. सासूबाई हे वाक्य अजून त्या कोचच्याच आवाजात म्हणून दाखवतात. नक्कल या घराच्या रक्तातच आहे. धाकटा तेरा वर्षांचा, एकटा परगावी जायच्या नावाने रडायला लागला. म्हणून थोरला सोबत गेला. बॅगा उचलायला, वेळेवर खायला घालायला, कपडे वाळत टाकायला, आणि समोर उभं राहून चेंडू मारायला.

लहान गटात एक डावखुरा मुलगा होता. तो भाऊजींना दर वेळी लोळवायचा. त्याच्याशी मॅच असली की भाऊजींना सकाळी उलट्या व्हायच्या. तेव्हा माझ्या नवऱ्याने वसतिगृहाच्या मागच्या अंगणात डाव्या हाताने खेळायला सुरुवात केली. आधी चेंडू कुंपणापलीकडे, मग कुंपणावर, मग हळूहळू आत. पुढच्या मोसमात भाऊजींनी त्या मुलाचा पार धुव्वा उडवला. कोचने धाकट्याची पाठ थोपटली आणि थोरल्याला विचारलं, "पुढच्या फेरीतला नेटवर धावून येतो. जमेल?" तो हो म्हणाला. तो नेहमीच हो म्हणतो, तीच तर खोड आहे.

भाऊजी एकेक पायरी चढत गेले. आधी मुलांच्या स्पर्धा, मग मोठ्यांच्या, मग विमानं, मग टीव्ही. त्यांचा बॅकहँड गाजला. चेंडू टप्पा पडून वर येत असतानाच ते एक बारीकशी उडी घेतात आणि हवेतूनच तो रेषेलगत सरळ मारतात. पोरं गल्लीत ती उडी मारून बघतात, एका बुटाच्या जाहिरातीत तर नुसती उडीच आहे. ज्या उन्हाळ्यात त्यांनी सगळ्यात मोठा कप जिंकला, तेव्हाच्या वर्तमानपत्रातल्या फोटोत ते कपाला मिठी मारून रडताहेत आणि मागे माझ्या नवऱ्याचा एक खांदा आणि टॉवेल. तो फोटो मी कापून ठेवलाय. खांदा कोणाचा, हे मात्र बघणाऱ्याला मला सांगावं लागतं.

आमची ओळखही अशाच एका नकलेतून झाली. एक दिवस दुकानात एक उंच, उन्हाने रापलेला माणूस आला आणि म्हणाला, "चष्मा हवाय. नंबर नाहीये, नुसती काच बसवा." मला वाटलं, रुबाब करायचा असेल. मी म्हटलं, "फ्रेम कुठली दाखवू?" तर म्हणाला, "अशी द्या की सारखी नाकावरून घसरली पाहिजे." तेव्हा माझ्या मालकांनीसुद्धा मान वर करून पाहिलं. भाऊजींची पुढची मॅच एका चष्मेवाल्याशी होती, आणि तो प्रत्येक सर्व्हिसच्या आधी चष्मा बोटाने वर सरकवायचा. ते सरकवणं झालं की लगेच चेंडू येतो, भाऊजींना त्या ठेक्याची सवय व्हायला हवी होती. एवढ्यासाठी हा माणूस चष्मा लावायला निघाला होता. मी फ्रेमच्या काड्या वाकवून सैल करून दिल्या. तो तिसऱ्यांदा काड्या आणखी सैल करून घ्यायला आला, तेव्हा मी समजायचं ते समजले.

असं सगळं छान चाललं होतं म्हणायचं, आणि मग भाऊजींचं मनगट गेलं. हाताला पट्टा, खेळ बंद, किती महिने ते डॉक्टरही नक्की सांगेनात. भाऊजी डोंगरात कुठेतरी विश्रांतीला गेले, आणि इकडे माझ्या नवऱ्याला कोणी व्हायचंच उरलं नाही.

मला आधी बरं वाटलं, म्हटलं, चला, नवरा घरात दिसेल. पण त्याच्या पायाला भिंगरी लागली. स्वयंपाकघरातून खिडकीपर्यंत, खिडकीतून जिन्यापर्यंत. खुर्चीवर बसला की गुडघा हलायला लागायचा आणि टेबलावरच्या कपबश्या वाजायच्या. मग त्याने माणसं शोधायला सुरुवात केली. खालचा टायरवाला टायर कसा लाथेने सरळ करतो, ते केलं. पोस्टमन जिना कसा मोजूनमापून चढतो, ते केलं. सासूबाई हसून हसून डोळे पुसायच्या. एकदा त्याने मला केलं. मी चिडण्याआधी चष्मा काढते, नाकाचं हाड चिमटीत धरते आणि एक श्वास घेते. मला माहीतच नव्हतं मी असं करते. हुबेहूब होतं. मी हसले, आणि हसता हसता थांबले.

"आता तू चालून दाखव," मी म्हटलं.

"कोणासारखा?"

"कोणासारखा नाही. तू कसा चालतोस ते."

तो उठला, तीन पावलं चालला आणि थांबला. मग परत मागे आला आणि पुन्हा चालला. दोन्ही वेळा वेगळं. "नीट आठवत नाहीये," म्हणाला आणि हसला. सासूबाई हसल्या नाहीत आणि मीही नाही.

त्यानंतर मी त्याचा पिच्छाच पुरवला. आमच्या क्लबावर दर वर्षी एक छोटी स्पर्धा होते. मोठी मंडळी तिकडे फारशी फिरकत नाहीत, पण पात्रता फेरीत क्लबाच्या कोणालाही खेळता येतं. "खेळ," मी म्हटलं. "भाऊजी बरे झाले की परत तेच सुरू होईल. मग तुझी चाळिशी येईल, गुडघे जातील, आणि मरेपर्यंत लोक झेरॉक्स म्हणतील. एकदा तरी स्वतःचा खेळून बघ. नाही जमलं तर निदान कळेल तरी." दोन दिवस गुडघासुद्धा हलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून नाव देऊन आला.

आता खरं सांगते, पहिली मॅच बघून मला वाटलं की उगीच या भानगडीत पडलो. समोर वीस-एकवीस वर्षांचा पोरगा. माझा नवरा कोर्टावर उतरला, चेंडू आपटला आणि डोळ्यांवर चष्मा नसताना बोटाने चष्मा वर सरकवला. मी कपाळावर हात मारून घेतला. पूर्ण सेट तो चष्मेवाला होऊन खेळला, आणि खेळला चांगलाच, कारण चष्मेवाला चांगलाच खेळतो. सेट खिशात होता. अगदी शेवटच्या मोक्याच्या क्षणी नेटपाशी एक सोपा चेंडू आला. नुसती रॅकेट लावायची होती. त्याने तो जाळ्यात घातला.

ती चूक मी ओळखत होते. चष्मेवाला अडचणीत आला की तो चेंडू जाळ्यात घालतो. भाऊजींना ते कळावं, त्यांनी तो क्षण साधावा, म्हणून माझ्या नवऱ्याने आमच्या स्वयंपाकघरात गुंडाळलेलं वर्तमानपत्र घेऊन तीच चूक पुन्हा पुन्हा घोटली होती. दुसऱ्याचे फटके उचलणारे पुष्कळ असतील, पण दुसऱ्याची चूक इतक्या इमानाने पाठ करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. आणि आता ती चूक त्याच्या हातात बसली होती.

"मुद्दाम घातलास?" मी घरी येताना विचारलं.

"वेडी आहेस का? हात तसाच गेला."

ती मॅच तो तरीही जिंकला, कारण दुसऱ्या सेटमध्ये त्याने चष्मेवाल्याला सोडून दिलं आणि तो डावखुरा झाला. त्या पोराच्या तोंडचं पाणी पळालं. "हा हात बदलतो," म्हणून त्याने पंचांकडे तक्रार केली. पंचांनी बराच विचार केला आणि असा काही नियम नाही म्हणाले. पुढच्या दोन मॅचही अशाच. एकाची खोड नडायला लागली की हा दुसरा व्हायचा. लोक जमायला लागले, टाळ्या वाजवायला लागले, "आता लंबू कर, लंबू" म्हणून ओरडायला लागले. सगळे खूश. मी एकटीच आतून जळत होते. तो जिंकत होता, आणि मला हवं होतं ते होत नव्हतं.

पात्रता फेरी पार पडली, मुख्य स्पर्धेच्या जोड्या ठरल्या. त्याच सुमारास भाऊजींच्या हाताचा पट्टा निघाला होता, आणि मोठ्या स्पर्धांना जाण्याआधी हात तपासून बघावा म्हणून ते नेमके आमच्याच क्लबावर खेळायला आले. पहिल्याच फेरीत त्यांच्यासमोर कोण, तर माझा नवरा.

भाऊजींचा मला फोन आला. "वहिनी, गंमत झाली ना."

"झाली खरी."

"आमचे कोच विचारताहेत, सराव कोणाबरोबर करायचा? दादासारखं खेळणारं कोणी सापडत नाहीये." ते हसले. मग हळूच म्हणाले, "घरी काय तयारी चाललीय त्याची?"

"सध्या भांडी घासतोय," मी म्हटलं. हेरगिरी करायला यांना मीच सापडले.

मॅचच्या दिवशी सासूबाई माझ्याबरोबर आल्या. क्लब सोडल्यापासून त्या तिकडे गेल्याच नव्हत्या. बाकावर बसताना म्हणाल्या, "टाळ्या कोणासाठी वाजवायच्या ते तूच सांग बाई. मला दोन्हीकडून शिव्या बसतील." मी त्यांना काय सांगणार? माझ्या पर्सचा पट्टा मी आधीच पिळून पिळून वाकडा केला होता.

पहिला सेट बघवत नव्हता. माझा नवरा डावखुरा झाला, भाऊजींनी चेंडू त्याच्या अंगावर मारले, कारण डावखुऱ्याला अंगावरचे चेंडू जमत नाहीत. तो चष्मेवाला झाला, भाऊजी वाट बघत बसले आणि तो बरोबर जाळ्यात घालून मोकळा झाला. लंबू झाला, तर त्यांनी त्याला वाकायला लावलं. प्रत्येक माणसात एक भोक होतं, आणि ते कुठे आहे हे भाऊजींना वर्षानुवर्षं शिकवणारा हाच. सहा-एक. दुसऱ्या सेटमध्येही भाऊजी बघता बघता तीन-शून्यने पुढे गेले. लोक उठून चहाला जायला लागले. "झेरॉक्सची शाई संपली," मागे कोणीतरी म्हणालं आणि तीन-चार जण फिदीफिदी हसले. मी मागे वळून पाहिलं. चष्मा काढून पाहिलं. ते गप्प बसले.

बाजू बदलताना माझा नवरा खुर्चीवर बसला आणि त्याने टॉवेल डोक्यावरून घेतला. त्याच्याकडची माणसं संपली होती. मला ते इतकं स्पष्ट दिसत होतं की धावत खाली जाऊन त्याला घरी घेऊन यावं असं वाटलं. हट्ट माझा होता. त्याच्याच गावात त्याचं हसं करायला मीच त्याला इथे आणून बसवलं होतं.

तो उठला. त्याने चेंडू आपटला नाही, चष्मा सरकवला नाही, लंबूसारखी मान मोडली नाही. नुसती सर्व्हिस केली. भाऊजींनी चेंडू त्याच्या बॅकहँडला परत दिला. तो पोचला, त्याने एक बारीकशी उडी घेतली आणि हवेतूनच चेंडू रेषेलगत सरळ मारला. भाऊजी हललेसुद्धा नाहीत.

सगळीकडे हशा पिकला. भाऊजींचीच नक्कल, भाऊजींच्याच तोंडावर. चहाला गेलेले परत फिरले. पुढच्या चेंडूला पुन्हा तीच उडी, आणि त्याच्या पुढच्या चेंडूलाही. शिट्ट्या वाजायला लागल्या. मी मात्र मान खाली घातली. म्हणजे शेवटी याच्याकडे भाऊच उरला होता, स्वतःचं असं काहीच नव्हतं.

"हसताहेत कशाला हे लोक?" सासूबाईंनी विचारलं.

"अहो आई, भाऊजींची नक्कल करतोय तो."

"कसली नक्कल?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी काहीतरी खुळ्यासारखं बोलले आहे. "भिंतीपाशी सांडपाण्याचं झाकण होतं, एका बाजूने वर आलेलं. त्याच्यावर पाय पडला की मुरगळायचा. म्हणून हा तिथे पोचला की उडी मारून फटका मारायचा. धाकटा बादलीवर बसून बघायचा. त्याला वाटलं, फटका असाच मारतात. त्याने उडीसकट घेतला."

"म्हणजे हा असाच खेळायचा?"

"असाच. रोज बघायचे की मी खिडकीतून."

"मग इतकी वर्षं कधी बोलला नाहीत?"

"मला वाटलं सगळ्यांना माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि पिशवीतून रुमाल काढून घाम पुसायला लागल्या.

मी परत कोर्टाकडे पाहिलं आणि मग मला दिसलं. तो उडी घेताना डावा खांदा आत ओढत होता. भाऊजी ओढत नाहीत. चेंडू मारून झाल्यावर तो थांबत नव्हता, पुढे घुसत होता. मध्येच दोन चेंडू त्याने असे काही जोरात मारले की ते रेषेच्या हातभर बाहेर पडले, आणि तो स्वतःच चकित होऊन त्यांच्याकडे बघत राहिला. त्या चुका डावखुऱ्याच्या नव्हत्या, चष्मेवाल्याच्या नव्हत्या, भाऊजींच्याही नव्हत्या. त्या मी याआधी कधी पाहिल्या नव्हत्या. मी त्या चुकांना टाळ्या वाजवल्या. शेजारची बाई माझ्यापासून थोडी सरकून बसली.

आणि भाऊजींची धावपळ उडाली. या खेळात भोक कुठे आहे हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. ते लांब उभे राहून बघत, मग जवळ येऊन बघत, कोचकडे बघत. कोच तरी काय सांगणार? दुसरा सेट माझ्या नवऱ्याने सात-पाच घेतला. तिसऱ्यातही तो पुढे होता. मग पायांनी दगा दिला. पस्तिशीच्या पायांना इतकं पळायची सवय नव्हती, उडी लहान लहान होत गेली आणि शेवटच्या गेममध्ये ती निघेचना. भाऊजी सहा-चारने जिंकले. नेटपाशी त्यांनी भावाचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रात मथळा होता, 'थोरल्याकडून धाकट्याची हुबेहूब नक्कल'. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी फोन उचलला, त्या वार्ताहराला सांडपाण्याच्या झाकणापासून सगळं ऐकवणार होते. माझ्या नवऱ्याने फोन काढून घेतला. "राहू दे. त्यांना काय माहीत."

"मग तू सांग ना त्यांना."

"माझं मलाच काल कळलं," तो म्हणाला.

तेवढ्यात बेल वाजली आणि भाऊजी आले. एकटेच आले होते. खाली गाडी उभी होती, दुपारी त्यांचं विमान होतं. नेहमीसारखे स्वयंपाकघरात टेबलापाशी बसले. मी चहा ठेवला. मनगटाची चौकशी झाली, सासूबाईंच्या गुडघ्यांची झाली. कालच्या मॅचचं कोणी नावच काढेना. ते कशाला आलेत हे मला कळत होतं.

"पुढच्या आठवड्यात लंबू आहे," भाऊजी शेवटी म्हणाले. "परवापासून सुरू करू या?"

माझा नवरा पावाला लोणी लावत होता. आता हा हो म्हणेल, मला वाटलं. ती खोड कुठे जाणार?

"करू की," तो म्हणाला. "पण मी लंबू नाही होणार."

"मग कोण होणार?"

"कोणी नाही. मी माझं खेळेन, तू तुझं खेळ."

भाऊजी चहा ढवळत राहिले. त्यांच्या चहात साखर नसते. "तो फटका माझा आहे असं मला वाटायचं," ते म्हणाले. "काल मला कळेचना कुठे उभं राहायचं ते. माझ्यासमोर खेळणाऱ्यांना निदान सवय असते त्याची. मला कशी असणार?"

"म्हणून तर म्हणतो, सराव कर."

"नको."

"का?"

"नको, दादा." भाऊजींनी मान वर केली नाही. कप जिंकलेला माणूस, न्हाव्याच्या दुकानात फोटो असलेला, आणि आवाज बादलीवर बसलेल्या पोरासारखा. "लंबूशी खेळायच्या आधी मला तुझ्याकडून हरायचं नाहीये. कोच दुसरा कोणीतरी बघतील."

ते उठले. दाराशी त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला, मला "येतो वहिनी" म्हणाले आणि जिना उतरून गेले. खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

म्हणजे काम गेलं. इतक्या वर्षांचं काम, एका कप चहात. माझ्या डोळ्यांसमोर घराचं भाडं आलं, सासूबाईंची औषधं आली, दुकानातला माझा पगार किती पुरेल आणि किती नाही ते आलं. माझा नवरा हातात लोण्याची सुरी धरून तसाच बसला होता. मला वाटलं, आता हा कोसळणार, आणि दोष माझा आहे. मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"ऐकलंस?" तो म्हणाला. "घाबरला."

मी नुसती मान हलवली.

"आई," त्याने आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, इतक्या मोठ्याने की खाली टायरवाल्यालाही ऐकू गेली असेल. "आई, घाबरला तो मला. मला घाबरला." आणि तो हसायला लागला. ते हसणं मी याआधी ऐकलं नव्हतं, ते कोणाचंच नव्हतं. मला रडू फुटलं, आणि ते भाड्यासाठी नव्हतं.